पिवळी बारा, लाल पाच, काळी परतीची

घरातला कॉम्प्युटर पुसायचा म्हटलं की आपण मैत्रिणी काय करतो? मॉनिटरची काच पुसतो, कीबोर्ड पालथा करून फरसाणाचे कण झटकतो आणि खालच्या डब्यावर वरवर फडकं मारतो. मागे लोंबणाऱ्या वायरींच्या गुंत्याला मात्र हात लावत नाही. 'एखादी निघाली तर?' ही धास्ती. डब्याच्या आत काय आहे, हा तर आपला विषयच नाही, असं आपण केव्हाच ठरवून टाकलेलं असतं.

पण गेल्या काही वर्षांत हा विषय आपणहून घरात चालत आलाय. मुलं एका बाजूला काच असलेली कॅबिनेट आणतात. आत रंगीत दिवे लागतात. मग त्या काचेतून दिसणारा पिवळ्या-लाल-काळ्या वायरींचा जुडगा त्यांच्या डोळ्यांना खुपायला लागतो. 'आई, मी वायरी बदलणार आहे,' अशी घोषणा होते. कुरियरने विणलेल्या नळ्या येतात, पिना येतात, पक्कड येते आणि जेवणाचं टेबल आठ दिवस अडकतं. आमच्या महिला मंडळात दोघी-तिघींनी मला हेच विचारलं. 'ताई, पोरगा कॉम्प्युटरच्या वायरी कापत बसलाय. करू द्यावं का?'

एका शब्दात उत्तर देता येईल असा हा प्रश्न नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. विजेशी माझं नातं मिक्सर, इस्त्री आणि उडालेला फ्यूज एवढंच. पण आमच्या मंडळावर प्रसंगच असा आला, की मला या वायरींची बाराखडी गिरवावी लागली. ती तुम्हालाही सांगते.

बसली म्हणजे जुळली असं नाही

मंडळाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. गावातल्या एका मुलाने पुण्यात नवा घेतला आणि जुना आम्हाला देऊन टाकला. त्यात आमच्या १४ बचत गटांचे हिशेब होते. कोणाची बचत किती, कोणाचं कर्ज किती, कोणाचा हप्ता थकला, सगळं. एक दिवस तो सुरूच होईना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने 'एसएमपीएस गेलाय' असं सांगितलं आणि दुसरा आणून बसवला.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या कोपऱ्यातली पंखा असलेली पेटी. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन ती कॉम्प्युटरला झेपेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करते आणि आत वाटते. आमच्या जुन्या पेटीच्या वायरी पेटीच्या बाजूनेही सुटणाऱ्या होत्या. त्याला मॉड्युलर म्हणतात. नव्या पेटीलाही तशाच खाचा. त्यामुळे हार्डडिस्कची जुनी वायर तशीच ठेवून तिचं दुसरं टोक नव्या पेटीत खुपसलं गेलं. अगदी चपखल बसलं. बटण दाबलं, जळका वास आला आणि हार्डडिस्क गेली.

बँकेत गटांचे हिशेब द्यायची वेळ नेमकी तीच होती. पुढचे १९ दिवस आम्ही त्या खोलीत बसलो. बायका रानातून परत येत, भाकऱ्या थापून पुन्हा मंडळात येत, पिशवीतून पासबुकं काढत. एका गटाच्या काकूंनी 'तुमच्या मशिनवर माझा भरवसा नाही' म्हणत जाड वही चालू ठेवली होती. त्यांचा हिशेब एका संध्याकाळी पुरा झाला. पण दोन गटांचं कर्ज हाती पडलं ते पेरणी उलटून गेल्यावर. पेरणीनंतर आलेल्या कर्जाचा उपयोग काय, हे शेतकऱ्याच्या घरात कोणी कोणाला सांगायला नको. दोघींनी सावकाराकडून उचल केली होती.

हे कशामुळे झालं, ते मला माझ्या भाचीने सांगितलं. ती नणंदेची मुलगी. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेली, बारीक अंगाची, कमी बोलणारी. जळकी डिस्क हातात घेऊन ती म्हणाली, "मामी, वायरीचं डिस्ककडचं टोक जगभर एकसारखं असतं. पण पेटीकडच्या टोकाला नियमच नाही. प्रत्येक कंपनी तिथे आपल्या मनाने पिना लावते. एकाच कंपनीच्या दोन पेट्यांचंसुद्धा जुळेल असं नाही. इथे पाच व्होल्टच्या जागी बारा गेले."

म्हणजे आकार जुळला, आतलं काहीच जुळलं नाही! पेटी बदलली की तिच्या सोबत आलेल्या वायरीच वापरायच्या. जुन्या कितीही चांगल्या दिसल्या तरी त्यांना चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं. हा पहिला धडा आमच्या १४ गटांना चांगलाच महाग पडला.

रंगांची भाषा

त्यानंतर मी भाचीला म्हटलं, "मला हे सगळं पहिल्यापासून सांग." तिने मागच्या पडवीत एक बंद पडलेला कॉम्प्युटर उघडून ठेवला आणि रांगोळीचे रंग दाखवावेत तशा वायरी दाखवल्या.

आज वापरात असलेली ही पद्धत एटीएक्स नावाने ओळखली जाते. इंटेलने ती १९९५ मध्ये आणली. मदरबोर्डला जाणारी सगळ्यात जाड केबल आधी २० पिनांची होती, २००३ पासून २४ पिनांची झाली. त्यात पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, नारिंगी ३.३ व्होल्टची. काळ्या सगळ्या परतीच्या, म्हणजे ग्राउंड. जांभळी ५ व्होल्टचीच, पण कॉम्प्युटर बंद असतानाही जागी असणारी. हिरवी म्हणजे बटण दाबल्यावर पेटीला 'ऊठ' म्हणणारी. करडी म्हणजे 'वीज ठीक आहे' असा निरोप देणारी. निळी उणे १२ व्होल्टची.

२४ घरांचा हिशेब मी वहीत मांडला. काळ्या ८, लाल ५, नारिंगी ४, पिवळ्या २. जांभळी, हिरवी, करडी, निळी प्रत्येकी १. झाले २३. उरलेलं एक घर रिकामं. तिथे पूर्वी पांढरी वायर असायची, तिची गरज संपली. शिवाय १३ नंबरच्या घरात पुष्कळदा दोन वायरी एकत्र शिरतात. एक वीज नेणारी आणि दुसरी, बारीकशी, तिथे किती व्होल्ट पोचले याची खबर पेटीला परत नेणारी. नवीन केबल करणारी मुलं ती बारीक वायर 'जास्तीची' समजून कापतात आणि मग पेटी नीट चालत नाही.

इथेच या छंदातली खरी मेख आहे. मुलं सगळ्या वायरींवर एकाच रंगाची नळी चढवतात. पांढरी नाही तर गुलाबी. दिसते सुंदर, पण पिवळी कोणती आणि काळी कोणती, ही ओळखच पुसली जाते. आज करणाऱ्याला आठवतं, सहा महिन्यांनी दुसरा कोणी उघडेल त्याला काय कळणार? म्हणून भाची प्रत्येक केबलबरोबर कागदावर २४ घरं आखून कुठे काय ते लिहून देते. तो कागद ती कॅबिनेटच्या मागच्या झाकणाला आतून चिकटवते. मला तिच्या कामातलं हे सगळ्यात आवडतं.

बारा व्होल्टला कशाला घाबरायचं?

मी हेच विचारलं होतं. बारा व्होल्टला हात लावला तर कोरड्या हाताला काही जाणवतही नाही. मग वायरी पेटतात कशाने?

भाचीने माझ्याच घरातलं उदाहरण दिलं. "मामी, तुमची इस्त्री हजार वॅटची. २३० व्होल्टवर ती साडेचार अँपिअरसुद्धा ओढत नाही. पण ३०० वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड बारा व्होल्टवर २५ अँपिअर ओढतं."

इस्त्रीच्या पाचपटीहून जास्त! दाब कमी, पण प्रवाह मोठा. आणि करंट दुप्पट झाला की सांध्यातली उष्णता चौपट होते. म्हणजे शॉक बसला नाही तरी सैल बसलेली एक पिन प्लॅस्टिक वितळवू शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या एका महागड्या ग्राफिक्स कार्डाचे प्लग वितळल्याच्या बातम्या जगभर आल्या होत्या. त्या नव्या प्रकारच्या प्लगमधून ६०० वॅटपर्यंत वीज जाते, म्हणजे ५० अँपिअर, आणि ती वाहायला पिवळ्या बाजूच्या पिना फक्त सहा. प्लग पुरता आत न बसणं हे एक मोठं कारण असल्याचं कंपनीने सांगितलं, आणि २०२३ मध्ये त्या प्लगची सुधारित रचना आली. कारखान्यात झालेल्या प्लगची ही कथा, तर घरी केलेल्याला किती जपायला हवं! त्या प्रकारच्या प्लगची कामं भाची घेतच नाही.

आता वायरीची जाडी. या कामाला साधारणपणे १८ गेजची वायर लागते, जास्त भार असेल तर १६ ची. आकडा जितका लहान तितकी वायर जाड. आपल्या हातसुईचंही तसंच की! दहा नंबरची बारीक, पाचची जाड. दुसरं म्हणजे वायर खरी तांब्याचीच हवी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर मिळते. तार ब्लेडने खरवडली आणि गाभा पांढुरका निघाला की समजावं, आपल्याला फसवलंय.

काम कसं चालतं

आमच्या पडवीतलं तिचं काम मी स्वयंपाक उरकून बघत बसायची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतून तिने एकेक वस्तू जमवली.

आधी वायर मापून कापायची. टोकाचं प्लॅस्टिक थोडंसं सोलायचं. आतले तंतू तुटता कामा नयेत. मग त्यावर पिन बसवायची. या पिनेला दोन जोड्या कान असतात. पुढचे कान उघड्या तांब्याला धरतात, मागचे प्लॅस्टिकला. क्रिम्पिंगच्या खास पकडीने ते दाबले की कान आतल्या बाजूला वळून घट्ट मिठी मारतात. साध्या पकडीने चेपलं तर ते नुसते चपटे होतात, पकड येत नाही. पिन दाबून झाली की भाची वायर जरा ओढून बघते. सुटली तर ती पिन टाकूनच द्यायची, पुन्हा वापरायची नाही.

मग वायरीवर विणीची नळी चढवायची. ती अळीसारखी आकसत-ताणत पुढे जाते. टोकाला आकसणारी नळी, म्हणजे हीट श्रिंक, गरम हवेच्या गनने बसवायची. मेणबत्ती किंवा गॅसवर हा उद्योग करू नये. नळी काळी पडते आणि आतलं प्लॅस्टिकही जळतं. शेवटी पिन प्लगच्या घरात सरकवायची. आत 'टक्' असा बारीक आवाज आला की बसली. सगळ्या वायरी बसल्या की त्यांना समांतर ठेवायला दातेरी पट्ट्या लावतात. त्यांचं नाव काय असेल? केबल कोंब! २४ बटांची वेणी घालायची तर कंगवा हवाच की.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि मुलं नेमकं तेच टाळतात. मल्टीमीटर 'बीप'वर ठेवून एका टोकाच्या प्रत्येक पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेपर्यंत वाजतंय का, ते बघायचं. मग शेजारच्या चुकीच्या पिनेशी वाजत नाही ना, तेही बघायचं. त्यानंतर वीज देऊन, पण कॉम्प्युटर न जोडता, व्होल्ट मोजायचे. पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ यांच्या मध्येच आकडा आला पाहिजे. एवढं झाल्यावरच केबल मदरबोर्डला लावायची.

अजून एक सांगते. मदरबोर्डला प्रोसेसरसाठी जाणारा आठ पिनांचा प्लग आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा प्लग दिसायला जुळ्या बहिणी. पण एकीत पिवळ्या वायरी जिथे, दुसरीत तिथे काळ्या. जोर लावून बसवायला गेलात तर घात झालाच म्हणून समजा.

वन्संचं म्हणणं

भाचीच्या आईला हे सारं पसंत नव्हतं. वन्सं एकदा मला स्पष्टच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही तिला जागा देताय म्हणून ती करतेय. उद्या हाताला भाजलं, चेहऱ्यावर डाग पडला तर मुलीचं कसं व्हायचं? मुलगा असता तर मी बोलले नसते."

त्यांचा राग मला समजत होता. काळजीच होती ती. मी वाद घातला नाही. भाचीला मात्र म्हटलं, "तुझे नियम आईसमोर कागदावर लिही." तिने पाच ओळी लिहिल्या. पेटीचे स्क्रू कधीच खोलणार नाही. भिंतीतला प्लग काढल्याशिवाय आत हात घालणार नाही. मोजल्याशिवाय जोडणार नाही. गरम गन चालू असताना डोळ्यांवर चष्मा आणि खोलीत दुसरं माणूस. थकले असेन तर काम बंद.

वन्संनी पहिल्या ओळीचं कारण विचारलं. तेव्हा तिने सांगितलं, की पेटीच्या आत मोठे कपॅसिटर असतात. २३० व्होल्टची वीज तिथे सरळ होऊन सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत साठते, आणि प्लग काढल्यावरही काही काळ आत राहू शकते. तो झटका जीव घेऊ शकतो. म्हणून पेटीतून कायमच्या बाहेर आलेल्या वायरी बदलायच्याच नाहीत. त्यांना पुढे जोड म्हणून वेगळी केबल करायची. एक टोक जुन्या वायरीला, दुसरं मदरबोर्डला. पेटी शाबूत, तिची वॉरंटी शाबूत आणि माणूसही शाबूत.

वन्सं अजूनही खूश नाहीत. पण तो कागद त्यांनी स्वतःच्या हाताने पडवीच्या भिंतीला लावला.

मागच्या दिवाळीआधी एक तरुण आला होता. त्याला एकाच बारीक वायरीवर तीन-चार जोड हवे होते, स्वस्तात. भाची नाही म्हणाली. तो म्हणाला, "दुसरीकडून करून घेतो." ती म्हणाली, "घ्या, पण रात्री चालू ठेवून झोपू नका." गिऱ्हाईक गेलं. त्या महिन्यात तिच्या हाती फारसं काही आलं नाही. तरी वन्सं त्या दिवशी मला म्हणाल्या, "नाही म्हणायला शिकली हो." एवढंच म्हणाल्या, पण म्हणाल्या.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या?

हे आपल्यापैकी पुष्कळ जणींनी अनुभवलं असेल. फरशीवर अनवाणी उभं राहून कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर मिणमिणतो. आपण म्हणतो, 'आमचा कॉम्प्युटर जरा करंट मारतो.'

त्याचं कारण बहुतेक वेळा भिंतीत असतं. पेटीतले काही छोटे कपॅसिटर विजेतला गोंगाट गाळून पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ते मुकाट जमिनीत जातं. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेन्सच्या साधारण निम्मा दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असल्यामुळे नुसत्या झिणझिण्या येतात. पण पेटीत कधी मोठा बिघाड झाला तर तोच पत्रा जिवावर उठेल. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड, लांब पिन याचसाठी आहे. ती लांब आहे, कारण प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं. ती कापून दोन पिनी सॉकेटात प्लग घालायची खोड आपल्याकडे फार. रंगीत केबलवर खर्च करण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवता आला तर फारच चांगलं. वीज गळायला लागली की तो आपणहून पडतो.

मग करू द्यावं का?

माझं उत्तर असं. मुलगा असो वा मुलगी, या चार गोष्टी त्याने तुम्हाला नीट समजावून सांगितल्या तर करू द्या.

एक, पेटी उघडणार नाही. दोन, दुसऱ्या पेटीच्या वायरी या पेटीला लावणार नाही. तीन, मल्टीमीटर आणलाय आणि तो वापरता येतो. चार, कुठे काय जोडलं ते कागदावर लिहिलंय.

सांगताना त-त-प-प झालं, तर अजून थोडं शिकू द्या. तयार जोडकेबल विकत मिळते, तिच्यावर हौस भागते. जुन्या चार पिनी प्लगवरून हार्डडिस्कला वीज देणारे जोड घेणार असाल, तर ज्यात वायरी प्लॅस्टिक ओतून पक्क्या केलेल्या आहेत असे स्वस्तातले जोड टाळा. आतल्या आत तारा सरकून ते जळाल्याची उदाहरणं आहेत. एकेक पिन वेगळी बसवलेले घ्या.

आणि आपल्यासाठी एक. घरातले हिशेब, मुलांचे दाखले, फोटो जे काही कॉम्प्युटरमध्ये असेल, त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो कपाटात ठेवा. आमच्या मंडळात आता दर शनिवारी दोन प्रती निघतात. शिवाय १४ गटांच्या १४ वह्यासुद्धा चालू आहेत. वह्या तपासायचं काम त्या काकूंकडे दिलंय. त्या एकेक रकाना बोटाने मोजतात आणि चूक सापडली की सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात!